फौंड्रीतील नोकरी आणि ३८ टक्के पंपिंग: कामावर केव्हा आणि कोणत्या अटींवर परतावे?

मोल्डिंगवाला, येळ्ळूर

सर्वांना नमस्कार.

माझे वय ४७ वर्षे. बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी १९ वर्षांपासून आहे आणि गेली सहा वर्षे मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या, विभागाचा सुपरवायझर म्हणून काम पाहतो. नोव्हेंबरच्या मध्यास मला रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्याआधी दोन महिने जिना चढताना दम लागत होता, रात्री एका उशीच्या तीन उशा झाल्या होत्या आणि संध्याकाळी बूट काढले की मोज्याचा काठ घोट्यावर रुतलेला दिसत असे. परंतु ज्याचे अर्धे आयुष्य वाळूच्या धुळीत गेले त्याचा दम धुळीचाच असणार, असे मी धरून चाललो होतो. कारखान्यात थोडाफार दम प्रत्येकालाच असतो, त्यामुळे दुसऱ्या कोणालाही त्यात वेगळे काही दिसले नाही.

टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे पंपिंग, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बाहेर टाकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, २८ टक्के आले. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या; हृदयाचा स्नायूच अशक्त होऊन हृदय आकाराने वाढले आहे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. सध्या सॅक्युबिट्रिल-वलसार्टन, बिसोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन आणि डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू आहेत, शिवाय अंगातील जादा पाणी काढण्यासाठी टॉर्सेमाइड आहे. साडेतीन महिन्यांनी, म्हणजे मागील आठवड्यात, पुन्हा इको केला तेव्हा पंपिंग ३८ टक्क्यांवर आले होते. पायांची सूज नाही आणि रात्री एका उशीवर झोप लागते. सकाळी राजहंसगडाच्या रस्त्याने दोन किलोमीटर सपाटीवर न थांबता चालतो. चढ लागला की मात्र दोनदा थांबावे लागते.

आता प्रश्न कामाचा आहे. डॉक्टरांनी "हलके काम करण्यास हरकत नाही" असे लिहून दिले आहे. रुग्णालयातून बाहेर पडताना त्या ओळीने फार बरे वाटले, पण घरी येऊन विचार करू लागलो तेव्हा फौंड्रीत हलके काम म्हणजे नेमके कोणते, हे मलाच सांगता येईना. कागदावर मी सुपरवायझर आहे. प्रत्यक्षात माणूस कमी पडला की साच्याच्या जड बॉक्सला हात लावावा लागतो, साचा बिघडला की वाकून तो सावरावा लागतो, आणि ओतकाम सुरू झाले की लॅडलपासून (वितळलेला धातू ओतण्याच्या भांड्यापासून) पाच-सहा मीटरवर तासभर उभे राहावे लागते. धातू १,३०० अंशांहून अधिक तापलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये त्या जागी अंगातील सदरा पिळून काढावा इतका घाम येतो. पाळी आठवड्याआड बदलते. कंपनी उन्हाळ्यात सर्वांना मीठ घातलेले ताक आणि लिंबूपाणी देते. मला डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच पाणी आणि अत्यंत कमी मीठ सांगितले आहे. घाम तसाच गाळायचा आणि पाणी मात्र मोजून प्यायचे, हे दोन्ही एकत्र कसे सांभाळावे याचे उत्तर मला सापडलेले नाही.

दुसरी गोष्ट सांगण्याची. या आजाराला डॉक्टर हार्ट फेल्युअर म्हणतात, आणि आपल्याकडे "हार्ट फेल झाले" याचा अर्थ माणूस गेला असाच होतो. माझ्या बहिणीने फोनवर हा शब्द ऐकला आणि ती रडतच रुग्णालयात पोहोचली. कारखान्यात हा शब्द सांगितला तर मला पुन्हा कामावर घेतील का, अशी भीती वाटते. न सांगितला तर पहिल्याच आठवड्यात मला भट्टीसमोर उभे करतील.

ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा योजनेकडून) मिळणारा आजारपणाचा भत्ता ९१ दिवसांनंतर बंद झाला आहे. मुलगा भाऊराव काकतकर महाविद्यालयात शिकतो, घरात मिळवणारा मी एकटाच आहे. म्हणून पुढील सोमवारी हजर व्हावे असे मनात आहे. अशा आजारानंतर जे कोणी कामावर परतले असतील, किंवा ज्यांना याची माहिती असेल, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.


शाळेतली बाई, खानापूर तालुका

दादा, आपले लिहिणे वाचून तीन वर्षांपूर्वीचे माझेच दिवस आठवले. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर माझे पंपिंग ३५ टक्क्यांवर आले होते आणि चार महिन्यांनी मी वर्गात परतले. आपले काम आणि माझे काम यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे मला ठाऊक आहे, तरीही दोन-तीन गोष्टी उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

परतल्यावर मला सर्वांत जास्त थकवा बोलण्याने आला. चालणे मी घरी वाढवले होते, पण सलग चाळीस मिनिटे मोठ्या आवाजात बोलण्याचा सराव घरी कोणी करीत नाही. दुसऱ्या तासाला वाक्य अर्ध्यावर तुटू लागले. मग मुख्याध्यापकांशी बोलून वाचन आणि पाठांतराचे तास मुलांकडे जास्त सोपवले आणि कविता, परिपाठ हे माझ्याकडून काही महिने काढून घेतले. सांगण्याचा मुद्दा असा की शरीर कोठे अडेल हे घरी बसून पूर्ण कळत नाही. आपल्याला चढाची भीती वाटत आहे. कदाचित तासभर एका जागी उभे राहणेच अधिक जड जाईल. म्हणून पहिले दोन आठवडे काम असे घ्यावे की मध्येच बसता येईल, आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये.

लघवीच्या गोळीचे लिहिते, कारण हे कोणी उघड बोलत नाही. मी सकाळी सातला ती गोळी घेऊन साडेआठच्या बसला बसत असे. घाटातल्या रस्त्यावर पाऊण तास, आणि शाळेत पोहोचेपर्यंत जीव कासावीस होत असे. आठ दिवसांत मी गोळी टाळू लागले आणि पंधरवड्यात घोटे पुन्हा सुजले. शेवटी डॉक्टरांना खरे सांगितले, तेव्हा त्यांनी ती गोळी दुपारी शाळेतून परतल्यावर घेण्यास सांगितले. इतका साधा उपाय होता, आणि मी लाजेपोटी दोन आठवडे वाया घालवले. आपली पाळी आठवड्याआड बदलते, तेव्हा प्रत्येक पाळीसाठी गोळ्यांच्या वेळा वेगळ्या लिहून घ्याव्यात. वेळ बदलावी, गोळी चुकवू नये.

मिठाचे म्हणाल तर आपल्या जोंधळ्याच्या भाकरीत मीठ नसते, ही मोठी सोय आहे. घात होतो तो ताटाच्या डाव्या बाजूला: लोणचे, खर्डा, सांडगी मिरची, पापड. मी डब्यात लसूण आणि भाजलेल्या तिळाची बिनमिठाची चटणी नेते. आणि बाजारात "कमी सोडियमचे" म्हणून जे मीठ मिळते ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका. त्यात पोटॅशियम असते आणि आपण घेत असलेल्या गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढू शकते.

सांगण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. मी "हार्ट फेल" हा शब्द शाळेत वापरलाच नाही. "हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली आहे, औषधाने ती वाढत आहे, आणि अमुक दोन कामे मला सध्या जमणार नाहीत" असे म्हटले. त्यात लपवाछपवी नव्हती आणि ऐकणाऱ्याला काय करायचे तेही समजले.


फिजिशियन, टिळकवाडी

मी या रुग्णाला तपासलेले नाही, त्यामुळे खालील मजकूर हा त्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय समजू नये. परंतु या भागात फौंड्री, साखर कारखाने आणि यंत्रमाग यांत काम करणारे असे रुग्ण आमच्याकडे वारंवार येतात, आणि "हलके काम" ही ओळ आम्ही डॉक्टर किती सहज लिहितो याची मला खंत आहे. रुग्णालयात बसलेल्या माणसाला फौंड्री दिसत नाही आणि फौंड्रीच्या मॅनेजरला हृदय दिसत नाही. ही उणीव रुग्णानेच भरून काढावी लागते. एका कागदावर आपल्या पाळीचे आठ तास ओळीने लिहा: कोणत्या तासाला कोठे उभे असता, किती किलो उचलता, उष्णता किती, बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह किती अंतरावर आहे. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि प्रत्येक ओळीसमोर "चालेल" किंवा "चालणार नाही" असे लिहून मागा. "हलके काम" या दोन शब्दांपेक्षा तो कागद आपल्याला अधिक सांभाळील.

पंपिंग २८ वरून ३८ वर येणे ही खरोखर चांगली बातमी आहे. आपण ज्या चार गोळ्या लिहिल्या आहेत त्या आज या आजारावरील उपचाराचे चार आधारस्तंभ मानल्या जातात, आणि त्यांचा परिणाम काही महिने वाढत राहू शकतो. मात्र तो आकडा म्हणजे कामाचा परवाना नव्हे. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला आतील सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्केच टाकते. ३८ टक्क्यांचा एक माणूस दिवसभर वावरतो आणि त्याच आकड्याचा दुसरा आंघोळीनेही दमतो. ठरवायचे ते श्रमांच्या क्षमतेवरून. सहा मिनिटांत सपाटीवर किती अंतर चालता येते ही सोपी चाचणी आहे, आणि शक्य असल्यास देखरेखीखाली ट्रेडमिल करून घ्यावी. दिवसभराच्या कामाचा सरासरी भार कमाल क्षमतेच्या सुमारे ४० टक्क्यांच्या आत असावा, असा ढोबळ नियम आहे. चढावर दोनदा थांबावे लागते याचा अर्थ आपली कमाल मर्यादा अजून फार उंच नाही. बॉक्स उचलणे सध्या पूर्ण वर्ज्य समजावे. दम कोंडून वजन उचलताना रक्तदाब एकदम चढतो आणि अशक्त स्नायूला त्या दाबाविरुद्ध पंप करावे लागते.

आता उष्णतेचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उष्णतेत त्वचेकडील रक्तवाहिन्या पसरतात आणि शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला अधिक रक्त फिरवावे लागते. निरोगी माणसाचे हृदय त्यासाठी ठोके वाढवते. आपल्या बिसोप्रोलॉलचे कामच ठोके आटोक्यात ठेवण्याचे आहे. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन रक्तदाब उतरवते, टॉर्सेमाइड पाणी काढते, डापाग्लिफ्लोझिनही थोडे काढते, आणि वरून घाम. अशा वेळी उभ्या उभ्या चक्कर येणे, मूत्रपिंडावर ताण येणे, पोटॅशियम वाढणे हे सारे घडू शकते, आणि चक्कर जर लॅडलजवळ आली तर परिणाम काय होईल हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. उलट घाम गेला म्हणून मीठ घातलेले ताक चार पेले घेतले, तर मीठ पाणी धरून ठेवते आणि तीन दिवसांत वजन चढते. ओआरएसचे पाणी निरुपद्रवी आहे असाही समज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. तीच संघटना निरोगी माणसालाही दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. तेव्हा रोजचे पेय म्हणून ते आपल्यासाठी नाही.

आपण विचारले की घाम आणि दीड लिटर पाणी यांचा मेळ कसा घालावा. माझे प्रामाणिक उत्तर असे आहे की भट्टीसमोर तो घालताच येत नाही, आणि घालण्याचा प्रयत्नही करू नये. पाण्याची कडक मर्यादा प्रत्येक स्थिर रुग्णाला लागतेच असे नाही. उन्हाळ्यात ती थोडी सैल करता येईल का, टॉर्सेमाइडची मात्रा कमी करता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे. पण ती सोय घरच्या आणि रस्त्यावरच्या उन्हाळ्यासाठी आहे. ओतकामाची जागा बदलणे हाच तेथील उपाय आहे. त्याला आणखी एक कारण आहे: साच्यात धातू ओतताना वाळूतील कोळशाची भुकटी आणि वाळू धरून ठेवणारा बाइंडर जळून कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. तो रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता कमी करतो. अशक्त हृदयाला तो भार नको.

काही लहान पण निकडीच्या गोष्टी. कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीत अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन असते. आपण ते घेऊ नये, कारण त्याने अंगात पाणी साचते आणि मूत्रपिंड बिघडते. जुलाब, उलट्या किंवा निर्जळी उपवास असेल त्या दिवशी डापाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी चालू ठेवावी का, हे आधीच विचारून ठेवावे. रोज सकाळी लघवी करून, न्याहारीपूर्वी, एकाच काट्यावर वजन घ्यावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाळी संपण्याची वाट न पाहता फोन करावा. आणि पुढे कधी पंपिंग पुन्हा ३५ टक्के किंवा खाली राहिले व छातीत शॉक देणारे यंत्र बसवण्याची वेळ आली, तर इंडक्शन भट्टी, आर्क वेल्डिंग आणि चुंबकी क्रेन यांच्या जवळ जाण्यापूर्वी त्या यंत्राच्या तज्ज्ञाकडून जागेची तपासणी करून घ्यावी लागेल. आज तो प्रश्न नाही.


मोल्डिंगवाला, येळ्ळूर

बाईंचे आणि डॉक्टरसाहेबांचे मनापासून आभार. आठ तासांचा कागद काल रात्रीच लिहायला घेतला. लिहिताना लक्षात आले की ज्याला मी देखरेखीचे काम म्हणत होतो त्यात बसण्याचा वेळ संपूर्ण पाळीत पंचवीस मिनिटांचा आहे, तोही जेवणाचा.

एक विचारायचे राहिले. पहिला महिना रोज चारच तास काम करावे आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचा भत्ता ईएसआयकडून घ्यावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. असे करता येते का? माझे वेतन १९,५०० रुपये आहे.


हजेरीपत्रक, मच्छे

मी मच्छे येथील एका मशीन शॉपच्या कार्यालयात हजेरी, पगार आणि ईएसआयचे काम पाहतो, म्हणून उत्तर देतो. आपल्या सहकाऱ्याने सुचवले ते होणार नाही. ज्या दिवशी कामगार काम करतो आणि त्या दिवसाचे वेतन घेतो, त्या दिवसाचा आजारपणाचा भत्ता मिळत नाही. अर्धा दिवस काम केले म्हणून अर्धा भत्ता मिळण्याची सोय नाही. चार तासांची हजेरी लावून उरलेला भत्ता मागितला, तर अर्ज अडकेल आणि घेतलेली रक्कम परत करण्याची पाळी येईल. कमी तासांनी सुरुवात करायची असेल तर ती कंपनीने आपल्या रजेतून किंवा कमी वेतनावर मान्य करायची गोष्ट आहे.

परंतु आपण एक महत्त्वाची गोष्ट गृहीत धरली आहे, ती दुरुस्त करतो. ९१ दिवस हा साध्या आजारपणाच्या भत्त्याचा काळ आहे, आणि तो वेतनाच्या ७० टक्के असतो. त्यापुढे दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपणाचा भत्ता नावाची स्वतंत्र तरतूद आहे. ३४ आजारांची यादी आहे, आणि त्या यादीत कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर तसेच कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार, ही दोन्ही नावे आहेत. हा भत्ता सरासरी वेतनाच्या ८० टक्के असून तो जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. अट अशी की आजार सुरू होण्यापूर्वी सलग दोन वर्षांची नोकरी असावी आणि आधीच्या चार अंशदान कालावधींत (वर्गणी मोजण्याच्या सहामाही टप्प्यांत) मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. आपली १९ वर्षांची नोकरी आणि ईएसआयच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेतील वेतन पाहता ही अट पूर्ण होण्यास अडचण दिसत नाही. १९,५०० च्या हिशेबाने ढोबळमानाने महिना १५,६०० रुपये होतात. पूर्वी आपल्याला ७० टक्क्यांनी मिळत होते ते साधारण १३,६५० असावे.

हा भत्ता आपोआप सुरू होत नाही, आणि येथेच पुष्कळ माणसे मागे राहतात. ईएसआय दवाखान्यात रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, दोन्ही इकोचे अहवाल आणि तज्ज्ञांचे पत्र घेऊन जावे लागते. त्या पत्रावर रोगाचे नाव संपूर्ण आणि स्पष्ट लिहिलेले हवे. "लो ईएफ" (पंपिंग कमी) किंवा "दम लागणे" असे लिहिले असेल तर यादीतील नावाशी ते जुळत नाही आणि फाइल परत येते. ईएसआयच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची मान्यता मिळाली की ९१ दिवसांनंतरच्या काळापासून हिशेब होतो. मधल्या दिवसांची वैद्यकीय प्रमाणपत्रे खंड न पडता घेतलेली असावीत. आपण फेब्रुवारीपासून घेतली नसतील तर सोमवारी कारखान्यात जाण्याऐवजी आधी दवाखान्यात जावे.

कारखान्याला द्यायच्या पत्राविषयी एक सूचना. आपल्या भागात सेक्शनचे प्रमुख बहुधा कन्नड भाषिक, रुग्णालयाचा कागद इंग्रजीत आणि कामगार मराठी, अशी स्थिती असते. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादा दोन-चार वाक्यांत कन्नडमध्ये लिहून सोबत जोडा. आमच्याकडे एका कामगाराला "लिफ्टिंग वर्ज्य" असे पत्र होते. त्याचा अर्थ लिफ्ट वापरू नये असा घेतला गेला आणि त्याला पंधरा दिवस जिना चढावा लागला. प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.


एक वाचक, अनगोळ

मी कधी येथे लिहीत नाही, पण सोमवारी हजर व्हायचे असे आपण लिहिले आहे म्हणून राहवले नाही.

माझे यजमान भट्टीवर होते. त्यांनाही हाच आजार. घरी बसून त्यांचा जीव रमेना, आणि ओव्हरटाइम बुडत होता तो वेगळाच. त्यांनी डॉक्टरांना कामाचे स्वरूप नीट सांगितले नाही, "सुपरव्हिजन आहे" इतकेच सांगून पूर्ण तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेतले, आणि एप्रिलमध्ये रात्रपाळीला गेले. स्वच्छतागृह लांब म्हणून पाळीत लघवीची गोळी घेत नसत. तहान लागली की कंपनीचे ताक घेत. वजनाची वही मी विचारली की "ठीक आहे" म्हणत. नंतर ती उघडून पाहिली तेव्हा नऊ दिवसांचे रकाने कोरे होते. तिसऱ्या आठवड्यात पहाटे त्यांना बसूनही श्वास घेता येईना. आठ दिवस अतिदक्षता विभागात काढले, आणि आधी वाढलेले पंपिंग पुन्हा खाली गेले.

आता ते डिस्पॅचमध्ये बसून चलने लिहितात. ओव्हरटाइम गेला, त्याचा परिणाम घरावर झाला, हे खोटे सांगत नाही. पण गेली दीड वर्षे त्यांना दाखल करावे लागलेले नाही. दादा, वजनाची वही वहिनींच्या हाती द्या. आणि कारखान्यात आपल्या शेजारी उभा असतो अशा एका तरी माणसाला सांगून ठेवा की ओठ निळे दिसले, बोलताना धाप लागली किंवा उभ्या उभ्या तोल गेला तर कोणाला फोन करायचा. यजमानांच्या पाळीत त्या रात्री अकरा माणसे होती आणि एकालाही काही माहीत नव्हते.


मोल्डिंगवाला, येळ्ळूर

दोन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. सोमवारी कारखान्यात गेलो नाही. अनगोळच्या वहिनींचे पत्र घरात सर्वांनी वाचले आणि वजनाची वही त्याच दिवशी पत्नीने आपल्याकडे घेतली.

आधी दवाखान्यात गेलो. तज्ज्ञांच्या पत्रावर रोगाचे नाव खरोखरच अपुरे होते. ते बदलून घेतले आणि वाढीव भत्त्याचे कागद दाखल केले. मान्यता अद्याप यायची आहे. आठ तासांचा कागद डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी तो शांतपणे दोनदा वाचला आणि चौदा ओळींपैकी नऊ ओळींवर काट मारली. ओतकाम, शेकआउट (साचा फोडून ओतीव भाग काढणे), बॉक्सला हात लावणे आणि रात्रपाळी या सर्वांसमोर "चालणार नाही" असे आहे. कोअरची (साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्याची) तपासणी बसून केली तर चालेल, पॅटर्न स्टोअर, म्हणजे साच्यांच्या नमुन्यांचे कोठार, चालेल. उन्हाळ्यापुरती पाण्याची मर्यादा त्यांनी दोन लिटर केली आणि टॉर्सेमाइड निम्मे केले, पण वजनावर लक्ष ठेवून.

मॅनेजरांना मी बाईंनी सांगितले त्याच शब्दांत सांगितले, आणि कन्नडमधील चार ओळी सोबत दिल्या. त्यांनी सगळे वाचून विचारले, "हे पहिल्या दिवशीच का सांगितले नाही?" त्यांच्या वडिलांनाही हा आजार होता, हे मला १९ वर्षांत ठाऊक नव्हते. पॅटर्न स्टोअर पाहणारे गृहस्थ मेअखेर निवृत्त होत आहेत. ती जागा मला दिवसपाळीत देण्याचे मॅनेजरांनी लेखी मान्य केले. पगार तोच राहील, पाळीचा भत्ता मिळणार नाही. तोवर पाऊसही सुरू झालेला असेल आणि शेडमधील उष्णता उतरलेली असेल.

स्टोअरची किल्ली १५ जूनला माझ्याकडे येईल. मेमध्ये आणखी एक इको आहे. सकाळचे चालणे गडाच्या चढाकडे थोडे थोडे वाढवत आहे. काल एकदाच थांबावे लागले.